परतल्याची वेळ

२ एप्रिल

आले एकदाची! बस अडीच तास उशिरा, एका खांद्याला बॅग, दुसऱ्या खांद्यावर शेजारच्या झोपाळू बाईचं डोकं, पण आले. फाट्यावर विश्रामघराची गाडी उभी होती. ड्रायव्हरकाकांनी माझी बॅग उचलली आणि यात दगड भरलेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं आहेत. मग दगडच की, म्हणाले. माणूस बरा वाटला.

घर टेकडीच्या उतारावर आहे. खाली पाहुण्यांच्या आठ खोल्या आणि जेवणघर, वर मालकीणबाई, स्वयंपाकाच्या मावशी आणि आता मी. माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत! भावाच्या घरी चार वर्षं हॉलमधल्या दिवाणावर काढली, उशाशी वहिनीचं शिलाई मशीन. पाहुणे आले की माझी गादी गच्चीवर. इथे दाराला आतून कडी आहे. मी ती तीनदा लावून काढून बघितली.

काम असं, की सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना रोज कुठे न्यायचं ते ठरवायचं आणि न्यायचं. पाणचक्की, कमानीचा पूल, पक्षी बघायचं मचाण, गुहा, मेंढ्यांचा माळ. शहरातल्या ट्रॅव्हल ऑफिसात सात वर्षं मी स्वतः कधी न बघितलेल्या जागांची तिकिटं काढून दिली, आणि शेवटी माझी खुर्ची कालच्या पोरीला मिळाली. असो. मालकीणबाई म्हणाल्या, तीन महिने बघू, पाहुण्यांना तुम्ही आवडलात तर कायमच्या राहा. आवडणार नाही म्हणजे काय? मला परत त्या दिवाणावर जायचं नाही.

इथली एक पद्धत मजेची आहे. दाराशी उंच टेबलावर जाड वही असते. फिरायला निघताना नाव, ठिकाण, निघाल्याची वेळ लिहायची, आणि आल्यावर शेवटच्या रकान्यात परतल्याची वेळ. ज्याची त्याने, स्वतःच्या हाताने. तो रकाना पुरा भरल्याशिवाय जेवणाची घंटा होत नाही, मग कितीही भूक लागो. एकदा म्हणे एक गृहस्थ वेळ न लिहिताच खोलीत जाऊन झोपले आणि सगळं घर कंदील घेऊन त्यांना टेकडीवर शोधत बसलं. ते आपल्या खोलीत घोरत होते.

४ एप्रिल

पहिली सहल, पाणचक्की. पाच पाहुणे. एक निवृत्त मास्तर, काठी टेकत चालणारे, दरवर्षी महिनाभर येतात. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, ज्यांना चक्की दाखवली काय आणि भिंत दाखवली काय, सारखंच. आणि साठीच्या दोघी बहिणी, गाडीतल्या खिडकीच्या जागेवरून अजून भांडणाऱ्या.

मी रात्री पाठ केलेलं सगळं सांगितलं. चाक कोणत्या लाकडाचं, पाट कुठून आणला, दिवसाला किती पोती दळण व्हायचं. चांगलं झालं. परत येताना मास्तर म्हणाले, छान, फक्त ताई आधी चाक सुरू होऊ द्यायच्या आणि मग बोलायच्या.

ताई म्हणजे माझ्या आधीची बाई.

७ एप्रिल

ताई, ताई, ताई. कान किटले.

ताई गाडीत गाणं म्हणायची. ताईला पुलाखालचा घुमणारा आवाज कुठे उभं राहून काढायचा ते माहीत होतं. ताईला बिनसाखरेचा चहा लागायचा, म्हणून मावशींनी आज सकाळी मलाही बिनसाखरेचा दिला आणि मग जीभ चावली. मी दारामागच्या खुंटीला बॅग अडकवली तर ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, ती ताईची खुंटी. मी विचारलं, मग खुंटीला विचारू का? हसले नाहीत.

पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही चाळली. तीच रड. ताईंमुळे सुट्टी सार्थकी लागली. ताईंसाठी पुन्हा येऊ. एका लहान मुलाने तर तिचं चित्र काढलंय. जेवणघरात तिचा फोटोही आहे, मध्ये ती आणि भोवती सगळे पाहुणे खिदळताहेत. नीट बघितला मी. नाक बसकं, केस कसेतरी बांधलेले. एवढं काय आहे हिच्यात? आमच्यात म्हण आहेच, मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

लिहिलं आणि वाईट वाटलं. पण खोडणार नाही. माझ्या पोटात दुखतंय आणि ते मला कळतंय.

९ एप्रिल

ती नुसती गेली नाही, ती हरवली. मावशींनी आज भांडी पुसता पुसता सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात, दुपारी, ती एकटीच निळ्या खाणीकडची पायवाट बघून यायला निघाली. दगडाची जुनी खाण, पाणी भरलेली. तेव्हा तीही सहल होती. ताई परत आली नाही. पाणबुड्यांनी दोन दिवस शोधलं, काही मिळालं नाही. तेव्हापासून खाण बंद.

दुपारी घर निजलेलं असताना मी दाराजवळची वही मागे मागे उलटत गेले. मिळालं ते पान. ताई, निळी खाण, निघाल्याची वेळ २.०५. शेवटचा रकाना रिकामा. वरच्या खालच्या सगळ्या ओळी भरलेल्या, मध्ये तेवढा पांढरा चौकोन. मावशी म्हणतात, मालकीणबाई रोज संध्याकाळी ते पान उघडून क्षणभर थांबतात आणि मगच घंटा वाजवतात. सात महिने, रोज. म्हणजे आम्ही सगळे रोज तिच्यासाठी जेवायचे थांबतो!

मी मालकीणबाईंना अगदी मऊ आवाजात सुचवलं, की ती ओळ आता बंद करावी, मनाला बरं वाटेल. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ज्याची वेळ त्याने लिहायची. तिची ती लिहील."

१२ एप्रिल

मचाणाची सहल. पहाटे उठून मी आधी एकटी जाऊन बसले होते, बगळे कुठे उतरतात ते बघून ठेवायला. थंडीने दात वाजत होते. पण पाहुणे आले तेव्हा मी बोट दाखवलं आणि बरोब्बर तिथे चाळीसेक बगळे उतरले. जोडप्याने एकमेकांकडे बघायचं सोडून पाण्याकडे बघितलं, याहून काय हवं? थोरल्या बहिणीने माझा हात दाबला. वाटलं, जिंकले.

दुपारी अभिप्रायाची वही उघडली. मास्तरांचं सुबक अक्षर. 'नव्या बाई प्रयत्न करतात. पण ताईंची सर नाही.'

प्रयत्न करतात!

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. उघड्या डोळ्यांनी जिवंत बसलेय मी इथे, आणि पाण्यात गेलेली बाई माझ्या डोक्यावर मिरी वाटतेय. घर झोपलं होतं. मी दाराशी गेले, ते पान काढलं, आणि तिच्यासारखं तिरकं अक्षर काढून त्या पांढऱ्या चौकोनात लिहिलं, ५.४०.

संपली ताई. एका मेलेल्या बाईची हजेरी बंद केली, एवढंच. आता तरी वेळेवर जेवण मिळेल.

१३ एप्रिल

नीट क्रमाने लिहिते.

संध्याकाळी पुलावरून परतलो. सगळ्यांनी वेळा लिहिल्या. मी मागच्या अंगणात बुटांचा चिखल काढत होते. मालकीणबाई गुणगुणत होत्या, मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. जेवणघरात मावशी ताटं मांडत होत्या, एक जास्त. कोणी नवीन पाहुणा का, विचारलं. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आज वार कोणता म्हणून विचारलं.

"ताई आली ना."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते. मी दाराशी गेले. पायपुसण्यापासून टेबलापर्यंत ओल्या बुटांचे ठसे, आत येणारे. ती पाठमोरी उभी होती, वहीवर वाकून. मग वळली. तेच बसकं नाक. केस ओले. हसली, अगदी आपुलकीने, आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना? फार बरं झालं. माझा हात पोचत नव्हता."

घंटा झाली. सगळे जेवले. कोणालाही काही वेगळं वाटलं नाही. मास्तरांनी तिला मागच्या आठवड्यातली पाणचक्की किती छान दाखवलीत म्हणून सांगितलं.

मागच्या आठवड्यातली पाणचक्की मी दाखवली होती.

१५ एप्रिल

आता ती पुढे असते आणि मी मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

कबूल करते, इथे तरी खरं लिहू दे. ती माझ्याहून चांगली आहे. गुहेत तिने सगळ्यांना कंदील विझवायला लावले आणि काहीच बोलली नाही. नुसतं थेंबांचं पडणं. माझ्याही अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी मला तिचा गळा धरावासा वाटला. थेंब गुहेत पडत होते की तिच्या बाहीतून, ते अंधारात कळलं नाही.

बाही सतत गळते तिची. जिन्यावर, गाडीत, टेबलाखाली. बाकी कोणाला ते पाणी दिसत नाही. मी पुसते. ताट तसंच्या तसं परत जातं, मावशी ते टाकून देतात आणि ताईला भूक कमीच म्हणतात. मी मावशींना एकटं गाठून विचारलं, अहो, तुम्हीच सांगितलं ना, सप्टेंबर, खाण, पाणबुडे? मावशी चिडल्या. भरल्या घरात अभद्र बोलू नका म्हणाल्या.

भीती वाटते. पण भीतीहून जास्त दुसरंच काहीतरी वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

१६ एप्रिल

वहीतला तो आकडा खोडायला गेले. खोडला. वर शाई ओतली. पाचच मिनिटांनी बघितलं तर कोरडं पान, ५.४०, तिरकं अक्षर. आता ते माझं वाटतही नाही, तिचंच आहे.

मास्तरांनी मला नुसतं 'अहो, तुम्ही' म्हणून हाक मारली. नव्या बाईसुद्धा नाही. धाकट्या बहिणीने मला विचारलं, तुम्ही किती दिवसांसाठी आलात, एकट्याच का?

१७ एप्रिल

माझं सामान कोठीच्या खोलीत. दोन खिडक्यांची खोली आधी तिचीच होती म्हणे. तिने किती गोड शब्दांत विचारलं, तुम्हाला चालेल ना? सगळे बघत होते. हो म्हटलं.

कोठीला खिडकी नाही. कडी बाहेरून आहे.

मालकीणबाईंनी विचारलं, तुमची परतीची बस कधीची. घरी फोन केला. भावाला म्हटलं, येऊ का परत. मागून वहिनीचा आवाज, दिवाण विकला म्हणून सांगा.

तर मग जायचं कुठे? नाही. मी जाणार नाही. जागा माझी आहे. तीन महिने ठरले होते.

१८ एप्रिल, सकाळ

सापडलं! तिचं दुखतं कुठे ते सापडलं.

मास्तरांनी नाश्त्याला निळ्या खाणीचं विचारलं, त्यांना एकदा बघायची आहे. ती पहिल्यांदाच गप्प झाली. मग म्हणाली, ती वाट बंद आहे. घाबरते ती तिथे जायला. घाबरणारच!

म्हणजे खाण माझी. आज मी वाट बघून येते, कुठे पाय ठेवायचा, कुठे उभं राहायचं, काय आणि कधी बोलायचं. उद्या मास्तरांना मी नेणार. मग लिहू दे त्यांना, कोणाची सर कोणाला येते ते. रोजनिशी बरोबर घेते, तिथेच टिपणं काढीन.

वहीत लिहिलं. निळी खाण, निघाल्याची वेळ २.१०. लिहिताना ती मागे उभी होती. पेन तिनेच पुढे केलं. सावकाश या, म्हणाली.

(वरच्या ओळी निघताना लिहिल्या. आता खाणीवर आहे.)

काय जागा आहे! पाणी असं निळं, की कोणी शाईची दौत सांडावी. दगडाच्या पायऱ्या थेट आत उतरतात. शब्दच नकोत इथे, नुसतं आणून उभं करायचं. शेवटच्या कठड्यावरून सगळ्यात छान दिसतं. तिथे पाय घसरला एकदा, चांगलाच, पण काही लागलं नाही. रोजनिशीही भिजली नाही. निघते.

१८ एप्रिल, संध्याकाळ

दार उघडं आहे. पाऊल आत पडत नाही.

उंबऱ्यापर्यंत येते आणि पुढे — पाय उचलते, पण तो तिथेच पडतो. टेबल दिसतं. वही दिसते. माझी ओळही दिसते, शेवटचा रकाना रिकामा. हात लांब केला. पोचत नाही. वीतभर कमी पडतो.

हाका मारल्या. मावशी दाराशी आल्या, बाहेर बघितलं, गारवा आलाय म्हणाल्या आणि गेल्या.

बुटांत पाणी आहे. कधी —

घंटा झाली.

घंटा झाली! माझा रकाना रिकामा असताना! खिडकीतून दिसतंय, सगळे बसलेत, वाढणं चाललंय. ड्रायव्हरकाका काहीतरी सांगताहेत आणि ती हसतेय. आज ती जेवतेय. दोन घास, तीन घास, पाणी पिऊन पुन्हा. माझ्या खुर्चीचं काय केलं? खुर्चीच नाही. बरोबर मोजून ताटं.

तिच्यासाठी सात महिने थांबले. रोज. माझ्यासाठी एक संध्याकाळ, एक क्षण —

कोणी विचारलं पण नाही.

१९ असावी

फाट्याच्या दिशेने चालले. खाणीवर आले. मेंढ्यांच्या माळाकडे गेले. खाणीवर आले. कुठूनही —

भूक नाही. थंडी नाही. फक्त जळतंय, इथे, छातीत. पाण्यात उभी राहिले तरी जळतंय.

?

पाणबुडे नाही आले. कोणी शोधलंच नाही मला. तिला दोन दिवस —

?

बाही गळते माझी.

दुपार

आवाज. वाटेवर. लोक!

ती पुढे आहे. कोरडी. केस नीट बांधलेले. मागे जोडपं, दोघी बहिणी, शेवटी काठी टेकत मास्तर. निळ्या खाणीची सहल — माझी सहल, माझी कल्पना — चोरली तिने, वाट उघडली आणि स्वतःच्या नावावर —

थांबले. पाणी बघताहेत. कोणी बोलत नाही. ती बोलू देत नाही. असंच करायचं होतं मला, अगदी असंच.

तिने बघितलं माझ्याकडे. सरळ डोळ्यांत. मी हात केला. मग पाहुण्यांकडे वळून, गोड आवाजात —

"इथे आणखी बघण्यासारखं काही नाही. चला."

वळले. सगळे वळले. चालले.

मास्तर मागे राहिलेत. एकटे. काठी दगडात अडकली. मी हाक मारली, मास्तर! त्यांनी मान वर केली. इकडे बघितलं. माझ्याकडे! दिसले मी त्यांना, ओठ हलले, नव्या बाई म्हणाले, हो, नव्या बाईच म्हणाले —

या. इकडे या. तिने काय दाखवलं, काहीच नाही, खरं तर इथून दिसतं, या कठड्यावरून. मी दाखवते. तिच्यापेक्षा छान दाखवते. काठी राहू द्या. अजून दोन पावलं. खाली बघू नका, पाय कुठे ठेवायचा ते मी सांगते ना, हं, असा, आता उजवा —